कोणतीही हमी नाही

८ ऑगस्ट १९९३

'मोजणी' आज चालली. आकडे भरले, किल्ली दाबली आणि पडद्यावर सरासरी आली, विचलन आलं, काय-स्क्वेअर चाचणीचं उत्तर आलं. कागदावर हातानं काढलेल्या उत्तराशी ते शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं. कॉलेजात एकच कॉम्प्युटर आहे, तोही लायब्ररीमागच्या खोलीत. भारनियमनात दोनदा सगळं पुसलं गेलं होतं. तरी झालं.

मी ठरवलंय की हा प्रोग्राम विकायचा नाही, वाटायचा. नुसता चालणारा प्रोग्राम नाही, तर तो ज्या ओळींनी बनलाय त्या ओळीही सोबत द्यायच्या. ज्याला हवं त्यानं वाचाव्या, चूक सापडली तर दुरुस्त कराव्या, पुढे दुसऱ्याला द्याव्या. पुण्याचा एक मित्र सांगत होता, परदेशात काही माणसं असं करतात. संख्याशास्त्राची परदेशी पॅकेजं आमच्यासारख्या कॉलेजांना घेता येत नाहीत, म्हणून आमची पोरं कॅल्क्युलेटरवर बोटं झिजवतात. ते थांबलं पाहिजे.

मोतीरामला हे सांगितलं. तो माझाच विद्यार्थी, एम.एस्सी. झाला आणि आता इथंच तासिकेवर शिकवतो. प्रोग्रामचा बराच भाग त्यानं लिहिलाय. मी म्हणालो, गावच्या विहिरीसारखं समज, कोणीही यावं आणि पाणी भरावं. तो म्हणाला, "कुठल्या गावची विहीर, सर?" आणि फ्लॉपीवर लेबल चिकटवत राहिला.

खोलीवर आल्यावर मला त्याचा अर्थ लागला. मी काही त्या हेतूनं बोललो नव्हतो.

२२ ऑगस्ट

पहिला पडदा तयार केला. वर 'मोजणी', खाली माझं नाव आणि कॉलेजचं नाव. मोतीरामचं नाव माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, आभारात. पडद्यावर जागा पुरत नव्हती.

तळाशी एक ओळ घातली: हा प्रोग्राम विनामूल्य असून त्याच्या अचूकतेची कोणतीही हमी लेखक देत नाही. मित्र म्हणाला होता, फुकट देणारे सगळेच असं लिहितात, नाहीतर उद्या कोणी कोर्टात खेचेल.

१९ सप्टेंबर

जालना, बीड, परभणी. पिशवीत फ्लॉप्या घेऊन एस.टी.नं फिरलो. एका ठिकाणी विभागप्रमुखांनी फ्लॉपी उन्हाकडे धरून पाहिली आणि विचारलं, फुकट कशाला देता, यात व्हायरस तर नाही? दुसऱ्या ठिकाणी माझ्यासमोरच कपाटात ठेवून कुलूप लावलं. बीडच्या एका मॅडमनी मात्र तिथंच बसून विद्यार्थ्यांचे गुण भरले, आलेख निघाल्यावर टाळी वाजवली आणि मध्यकाच्या आज्ञेत एक चूकही दाखवली. रिकामे आकडे तो शून्य धरत होता. ती चूक मोतीरामनं परवाच दुरुस्त केली. आपण जे लिहिलं ते अनोळखी माणसानं सुधारावं, यात कमीपणा वाटेल असं मला वाटलं होतं. उलट परतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

१० ऑक्टोबर

भूकंपानंतर आठवडाभर कोणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. इथंही पहाटे खाटा हलल्या होत्या.

आज मल्हारी आला होता, सुगंधाला घेऊन. माझा धाकटा भाऊ. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आहे, मोटारींचे पत्रे दाबतात तिथं. रांजणगावला खोली करून राहतात दोघं. पिशोरला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. मी शिकलो, तो कारखान्यात लागला, मेंढरं विकली.

पण पगार सुरू झाल्यापासून पोरगा बदललाय. आल्या आल्या टीव्हीचा आवाज इतका वाढवला की घरमालकीण वर आली. मी दोनदा हाक मारली, ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकून म्हणाला, "काय दादा?" बोलतो तेही असं, जणू शेताच्या पल्याड कोणाला सांगतोय. मी सुगंधाला म्हणालो, ह्याला जरा वळण लाव. ती ताटं उचलून आत गेली.

१६ नोव्हेंबर

शहागंजातल्या डॉ. नसीम कॉलेजात आल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टर. वाळूजच्या कामगारांच्या युनियननं त्यांच्याकडून प्रेस शॉपमधल्या माणसांचे कान तपासून घेतलेत. सोबतीला त्याच कारखान्यातल्या स्टोअर आणि ऑफिसातली माणसंही तपासलीत, तुलनेसाठी. कारखाना कोणता ते त्यांनी सांगितलं. मल्हारीचाच.

"त्रिंबक सर, एकेकाचा कान बघणं मला येतं," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांचं मिळून काय निघतं, वो मेरे बस का नहीं. तुमचा प्रोग्राम फुकट आहे म्हणे."

नावं नाहीत, फक्त क्रमांक, वय, नोकरीची वर्षं आणि कोणत्या आवाजाला किती ऐकू आलं ते आकडे. 'मोजणी'ला पहिलं खरं काम मिळालं. फार आनंद झाला.

संध्याकाळी रांजणगावला जाऊन मल्हारीला विचारलं, तुझे कान तपासले का? तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, "माझे कान शाबूत हायेत. म्हाताऱ्यांचं हाय ते समदं." बरं वाटलं.

५ डिसेंबर

म्हातारपणानंही कान जातात. तेव्हा वयाचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. तो भाग 'मोजणी'त नव्हता. मोतीरामनं लिहिला. एकेका वयोगटात तुलना करायची आणि मग ती एकत्र करायची. मी ओळ न् ओळ वाचली, तीन गट हातानं काढून पाहिले. बिनचूक आहे. इतकं स्वच्छ मलाही लिहिता आलं नसतं.

उत्तर वाईट आहे. पंचविशी-तिशीतल्या पोरांचे कान साठीच्या माणसासारखे. प्रेस शॉपमधल्या निम्म्या लोकांचं ऐकणं उतरलंय, ऑफिसात अगदी थोड्यांचं. योगायोग म्हणायला जागा नाही. डॉ. नसीमना छापील कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, हे पक्कं का? मी म्हणालो, पक्कं.

युनियन आता कानावर बसणारी साधनं मागणार आहे, आणि प्रेसवरची पाळी छोटी करा म्हणणार आहे.

२३ डिसेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर बसले होते. अतिशय सभ्य माणूस. 'मोजणी'बद्दल आधीच ऐकलं होतं म्हणाले, मराठवाड्यातला माणूस असं काही करतो याचा अभिमान वाटतो म्हणाले. त्यांची कंपनी आमच्या कॉलेजला कॉम्प्युटरची पूर्ण प्रयोगशाळा द्यायचा विचार करतेय. तिथं सगळ्या यंत्रांवर 'मोजणी' असेल. जिल्ह्याजिल्ह्यातले शिक्षक येऊन शिकतील.

कानांचा विषय त्यांनी काढलाच नाही. चहा पिऊन गेले.

५ जानेवारी १९९४

आज ते मॅनेजर एकटेच आले. म्हणाले, तुमच्या प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर एक ओळ आहे, हमी नाही अशी. मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, तेवढंच कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या. तुम्हीच लिहिलेलं वाक्य आहे, नवीन काही नको.

मी बराच वेळ विचार केला. वाक्य खरं आहे. हमी नाहीच. शास्त्रात कोण कशाची हमी देतो? आणि मी निकाल चुकीचा आहे असं कुठं म्हणतोय? मग त्यांनी सुचवलं की काही भाग विद्यार्थ्यानं लिहिलाय हेही असू द्या, प्रामाणिकपणा दिसेल. तेही खरं आहे. लिहून दिलं.

प्राचार्य म्हणाले, तुमच्या कायम होण्याचा कागद या महिन्यात पुढे सरकेल. त्याचा याच्याशी संबंध नाही. तो तसाही सरकणारच होता.

१५ जानेवारी

काल विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. इतकी वर्षं मोर्चे, लाठ्या, जाळपोळ, आणि काल एकदाचं झालं. शहरात चौकाचौकात पोलीस. पिशोरकडच्या गाड्या बंद आहेत, तिकडे काय चाललंय कळायला मार्ग नाही.

मोतीराम पेढे घेऊन आला. त्याचे डोळे सुजले होते, रात्रभर विद्यापीठाच्या गेटवर होता. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या गावात त्यांची वस्ती जाळली, तेव्हा तो लहान होता. आईनं त्याला हाताला धरून शहर गाठलं होतं. हे मला इतक्या वर्षांत त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं.

मी पेढा घेतला. मन भरून आलं होतं, पण तोंडातून भलतंच गेलं. म्हणालो, झालं ते चांगलंच झालं, पण शेवटी काम महत्त्वाचं, नावात एवढं काय असतं.

त्यानं पेढ्यांचा पुडा मिटला. मग म्हणाला, "मग सर, पहिल्या पडद्यावरचं तुमचं नाव काढू या का?"

चेष्टाच केली त्यानं. मी हसलो. तो हसला नाही.

२७ जानेवारी

माझ्या पत्राची प्रत कारखान्याच्या गेटवरच्या फळ्यावर लावलीय म्हणे, काचेआड. खाली लाल पेन्सिलीनं रेघ: कोणतीही हमी नाही. काही भाग एका विद्यार्थ्याने लिहिला आहे.

युनियनची मागणी बारगळली. डॉ. नसीमच्या अहवालाला पोरखेळ म्हणताहेत. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मोतीराम आला. मला वाटलं, भांडेल. त्याची मी तयारी ठेवली होती. म्हणणार होतो की वाक्यात खोटं काय आहे ते दाखव.

तो म्हणाला, "सर, माझं काम कागदावर पहिल्यांदाच आलं."

आणि कॉम्प्युटर खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेला.

२० फेब्रुवारी

प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. बारा यंत्रं, थंड हवेची खोली. सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी माझं नाव उमटलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कायम झालो. घरी पत्र टाकलं.

मोतीराम आता तासिकेला येत नाही. प्राचार्य म्हणतात, बरं झालं, तसंही त्याला पुढच्या वर्षी घेणार नव्हतो.

१४ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मल्हारी घाटी दवाखान्यात आहे. उजवा हात मनगटापासून गेला. क्रेनवर साचा होता, जड लोखंडी. खाली सोडताना घंटा वाजते, माणसंही ओरडतात. चौघं ओरडले म्हणे. तो खाली वाकून पत्रा सारखा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

वॉर्डाच्या बाहेर सुगंधा बसली होती. मी तिला विचारलं, घंटा ऐकू कशी आली नाही? तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "भाऊजी, त्यांना दीड वरीस झालं ऐकू येत नाय. तुमाला ठावं नव्हतं?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं होतं. नाव लिहिणार नाहीत असं सांगितल्यावरच तो गेला. बाहेर कळलं तर कामावरून काढतील म्हणून त्यानं सुगंधालाही शपथ घातली होती. माणसांच्या ओठांकडे बघून तो निभावत होता.

म्हणजे नोव्हेंबरात मी एकेक ओळ भरत होतो, त्यात तोही होता. कुठला क्रमांक, ते मला आता ओळखता येणार नाही. ओळखायचं नाही.

३० एप्रिल

कारखान्याचं म्हणणं असं की कामगाराचा हलगर्जीपणा. आवाजानं कान जातात हे सिद्ध झालेलं नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्यानंच हमी नाकारली आहे. युनियननं दावा लावलाय.

मल्हारीला यातलं काही माहीत नाही; त्याला वाचता येत नाही आणि फळ्यावरचं पत्र कोणाचं, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. डाव्या हातानं पेला धरायला शिकतोय.

२६ मे

बीडच्या मॅडमकडून टपालानं एक फ्लॉपी आली. सोबत चिठ्ठी: तुमच्या प्रोग्रामची ही नवी आवृत्ती फार छान झालीय, अभिनंदन.

मी नवी आवृत्ती काढलेली नाही. यंत्रात घातली. पडद्यावर नाव आलं: 'साक्ष'. खाली माझं नाव, मूळ लेखक म्हणून. त्याच्या शेजारी मोतीरामचं, तितक्याच अक्षरांत. जागा पुरली आहे. आणखी खाली बीडच्या मॅडमचं, डॉ. नसीमचं. तळाची हमीची ओळ काढलीय. त्या जागी लिहिलंय: यातली प्रत्येक चाचणी हातानं पडताळली आहे, पडताळा सोबत जोडला आहे. चूक दिसली तर कळवा, आम्ही उत्तर देऊ.

सगळं माझ्या अटींप्रमाणेच आहे. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. मीच लिहिलं होतं तसं. तरी दिवसभर माझी चिडचिड झाली. सुधारणा करायची होती तर करावी, पण नाव कशाला बदलायचं?

हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं.

११ जुलै

आज दाव्याची तारीख होती. युनियननं मला साक्षीला बोलावलं. मोतीराम डॉ. नसीमसोबत आला होता. गेल्या महिन्यात त्यानं सगळं गणित कागदावर, पायरीपायरीनं मांडून दिलंय, म्हणजे कॉम्प्युटर बाजूला ठेवला तरी उत्तर तेच येतं हे कोणालाही पाहता यावं. त्यानं मला नमस्कार केला. मल्हारी पहिल्या बाकावर बसला होता, बाही पिनेनं दुमडलेली. मागच्या बाकावर आमचे प्राचार्य होते. ते का आले होते मला माहीत नाही.

मी रात्रभर ठरवून गेलो होतो काय सांगायचं ते. प्रोग्राम बरोबर आहे, मी तेव्हाच पडताळला होता. ते पत्र माझ्याकडून का मागितलं गेलं आणि मी का दिलं, तेही सांगायचं.

पहिलं सांगितलं. प्रोग्राम बरोबर आहे. मग कारखान्याचे वकील उठले. पत्र माझ्या हातात दिलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"यातलं एखादं वाक्य खोटं आहे का, सर?"

मी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. प्राचार्यांनी पायावर पाय टाकला होता तो खाली घेतला. खोलीत पंखा होता, त्याची करकर ऐकू येत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की वाक्य खोटं नाही, पण पत्र खोटं आहे. तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "खोटं काही नाही."

"आभारी आहे," वकील म्हणाले आणि बसले.

न्यायाधीशांनी युनियनच्या वकिलांना विचारलं, आणखी काही विचारायचंय का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी खाली उतरलो.

बाहेर व्हरांड्यात मल्हारीनं मोतीरामचा दंड धरला. आता त्याला कोणाचंच नीट ऐकू येत नाही आणि आपण किती मोठ्यानं बोलतो हेही कळत नाही. सगळा व्हरांडा वळून बघू लागला.

"दादा माझ्याकडून बोलला का?"

मोतीरामनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. त्यानं मल्हारीकडे तोंड केलं, ओठ दिसावेत इतकं जवळ, आणि मान खालीवर हलवली. हो अशी.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. युनियनचे वकील म्हणाले, मोतीरामच्या कागदांवर थोडीफार भिस्त आहे, बाकी अवघडच.

१२ जुलै, पिशोर

मल्हारीला गावी घेऊन आलो. सुगंधाही आहे. खोली सोडली त्यांनी.

आई ओट्यावर बसली होती. तिनं त्याची बाही चाचपली, वर-खाली. शेजारपाजारचे जमले. मल्हारी ओट्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांना सांगू लागला, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. कचेरी किती मोठी होती, पंखे होते, काळ्या कोटातले वकील कसे अंगावर येत होते.

"पण आमचा दादा नाय हटला," तो म्हणाला. "येवढ्या मोठ्या सायबाम्होरं माझ्यासाठी बोलला. तिथल्या मानसानं सांगितलं मला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई उठली, जवळ आली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

सुगंधा दारात उभी होती. काल तीही कोर्टात बसली होती, आणि तिला ऐकू येतं.

मी चहा घेतला.